भिंतीपलीकडे कोण झोपतं?

बंदुकीच्या दुकानात घेणारे कमी आणि बसणारेच जास्त. लायसन्स हातात पडेपर्यंत माणूस चकरा मारतो, चकरा मारताना चहा पितो आणि चहा पिताना बोलतो. माझ्या सासऱ्यांनी लातुरात हे दुकान थाटलं तेव्हापासून बंदुका मोजक्याच विकल्या गेल्या असतील, किस्से मात्र इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळं कपाट करावं लागेल!

आता गल्ल्यावर मी बसते. नवरा बँकेत आहे. दिवाळीत लवंगी फुटली तरी तो आतल्या खोलीत जातो. मी मुदखेडची, रेल्वेच्या भोंग्यात वाढलेली, मला आवाजाचं काही वाटत नाही. नवा माणूस दारातून मला बघतो, मग माझ्या मागे बघतो, मग विचारतो, "मालक कुठं हायत?"

"समोर हायत. बोला!"

सासऱ्यांना सगळं गाव मामा म्हणतं, मीही मामाच म्हणते. ते आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात, पण नियम त्यांचाच चालतो. कपाट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातात खडू द्यायचा. दुकानाच्या शहाबादी फरशीवर त्यानं आपलं घर काढायचं. दार कुठे, भिंत कशाची, आणि प्रत्येक भिंतीपलीकडे कोण झोपतं.

"चोर दिसतो," मामा म्हणतात, "त्याच्या मागच्या भिंतीआड कोन हाय ते दिसत न्हाई. गोळीला तर दोघं सारखेच."

आणि माणसं काय काय काढतात! आधी तिजोरी. मग टीव्ही. मग गाडी लावायची जागा. बायको कुठे झोपते ते विचारल्यावर.

*

आमच्या बाजारात मन्मथप्पांची आडत आहे. कपाळाला विभूती, शर्ट कडक इस्त्रीचा, स्वभाव त्याहून कडक. त्यांच्या गल्लीत चोरी झाली आणि अप्पा लायसन्स घेऊनच आले. "ताई, रायफल दाखवा. आरपार जानारी पायजे!"

मी खडू दिला. अप्पांनी तीन भिंती काढल्या आणि हात झटकले.

"चौथी?"

"तिकडं कोनी न्हाई."

सगळ्या बाजाराला ठाऊक होतं तिकडे कोण आहे ते. वर्षभरापूर्वी अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ बसू वेगळे झाले. मोठ्या खोलीच्या मधोमध घाईघाईत चार इंची विटांची भिंत उभी राहिली. गिलावासुद्धा केला नाही. पलीकडे बसू, त्याची बायको आणि त्यांची लहानगी गौरी. पूर्वी अप्पांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून रोज आडतीवर येणारी ती हीच. आता चोर अप्पांच्या घरात शिरला तर उभा राहणार बरोबर त्याच भिंतीपुढे, आणि अप्पांना हवी होती आरपार जाणारी रायफल.

मी म्हटलं, "चौथी भिंत काढल्याशिवाय कपाट उघडणार नाही."

"दुसरीकडं बी मिळतेत बंदुका!"

"मिळतात की. घ्या."

अप्पा तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा हजर! बंदुकीचा विषय काढला नाही, मीही खडू काढला नाही.

*

एक क्लासवाले सर आले होते. घराला लागूनच त्यांचं मुलांचं होस्टेल. सरांनी फरशीवर असं घर काढलं की पुसायला जीव होईना. कोनसुद्धा नव्वद अंशांचे.

मामांनी काठी टेकवली. "ही रेघ कशाची?"

"प्लायवूडचं पार्टिशन."

"पलीकडं?"

"डॉक्टरकीची बॅच."

"सर, पोरं डॉक्टर व्हायच्या आधीच पेशंट करता का!"

सरांचा चेहरा पडला. मग काय घेऊ म्हणाले. मामा म्हणाले, कुत्रं घ्या. सरांनी खरंच घेतलं, आणि तेही दांडग्या आवाजाचं. महिनाभरात पोरांच्या तक्रारी सुरू झाल्या, अभ्यास होत नाही म्हणून. सर पुन्हा दुकानात.

"ताई, कुत्र्याला सायलेन्सर मिळतो का हो?"

*

एका डाळमिलवाल्या शेठना खडू पटेना. "भिंत ती भिंत हाय मामा. इटंतून गोळी कशी जाईल?"

मामा त्यांना घेऊन गेले रायफल क्लबच्या रेंजवर. शेठनी सोबत शेठाणींनाही आणलं होतं, बहुतेक आपली निशाणेबाजी दाखवायला. मामांनी चार इंची विटांची भिंत रचायला लावली, मागे एक गरगरीत भोपळा ठेवला आणि तिथल्या माणसाला रायफलीतून एक गोळी झाडायला सांगितली. विटांचा भुगा उडाला. पलीकडे जाऊन बघतात तर भोपळ्याची भाजी चिरून तयार!

शेठ हळूच म्हणाले, "मामा, भोपळ्याच्या जागी कोन समजायचं?"

"तुमच्या त्या भिंतीमागं कोन झोपतं?"

"सासूबाई. आल्या की दोन-दोन महिने ऱ्हातेत."

"मग त्याच समजा."

शेठ म्हणाले, "अजून एक भोपळा हाय का?"

शेठाणी शेजारीच उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मामा, नकाशा बदला. आजपासून त्या भिंतीमागं हेच झोपतील!"

*

निलंग्याकडचे एक म्हातारबुवा रानडुकरांसाठी बारा बोरची बंदूक बाळगतात. काडतुसं घ्यायला आले तेव्हा मामांनी सवयीनं त्यांनाही घर काढायला लावलं. भूकंपानंतर त्यांच्या घराला दगड लागलाच नाही, चारी बाजूंनी पत्रा.

मामा म्हणाले, "घरात चालवू नका बरं. छर्रा पार जाईल."

"मामा, आमच्या पत्र्यातून शेजाऱ्याचं भांडन पार येतंय, छर्ऱ्याचं काय घेऊन बसलाव!"

"मग चोर आला तर?"

"वरडतो की! पत्र्याच्या घरात वरडलं की आख्खं गाव उठतंय."

सगळे हसले. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांच्याही गावचं घर भूकंपात गेलंय. म्हणाले, "पूर्वीची दगडाची भिंत गोळी अडवायची, पन मानसावर पडायची. आताची अंगावर पडली तर मानूस वाचंल, पन ती गोळी अडवत न्हाई. कुठलीच भिंत पुरी पडंना झाली."

बाकावर मन्मथप्पा होते. चहा संपला होता, तरी कप हातातच धरून बसले होते.

*

त्यानंतर काही दिवस अप्पा फिरकलेच नाहीत. मला वाटलं, घेतली दुसरीकडून. खरं सांगते, जिवाला घोर लागला. गौरीला मी स्कूटरवर पाहिलेलं होतं. आडतीवर आली की पोत्यांवर चढायची आणि अप्पांनी उतरवल्याशिवाय उतरायची नाही.

मग एका सकाळी अप्पा आले आणि न सांगता खडू उचलला. इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता फरशीवर गुडघे टेकले. दार काढलं, आपली खाट काढली, तीन भिंती काढल्या. मग चौथी काढली. मामा खुर्चीत पुढे सरकले. अप्पांनी भिंतीच्या पलीकडे, भिंतीला अगदी लागून, एक बारकासा चौकोन काढला.

"हितं गौरी झोपती."

मी विचारलं, "तुमचं जाणं-येणं सुरू झालं?"

"छ्या! त्याच्या दारात पाय ठिवत न्हाई मी."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

अप्पांनी खडूनं त्या रेघेवर हळू टकटक केलं. "झोपायच्या आधी ती अशी वाजवती."

"आणि तुम्ही?"

"मी बी वाजवतो. न्हाई वाजवलं तर झोपत न्हाई ती."

नियम तो नियम. घर पुरं काढलं होतं. मी उठून कपाट उघडलं. अप्पांनी तिकडे मान वळवली नाही. गुडघ्यावरची खडूची भुकटी झाडत म्हणाले, "ताई, तुमच्या वळखीचा गवंडी हाय का कुनी?"

"आहे की. पण त्याला सांगू काय? भिंत जाड करायची का पाडायची?"

अप्पांनी चपला घातल्या. दारात जरा थांबले.

"ते बसूला इचारावं लागंल," म्हणाले, आणि माझा खडू खिशात घालून निघून गेले.