पाखाडी न चढलेली पालखी

मी मस्कतला निघाले तेव्हा थोरली एसटी स्टँडवर आली नाही. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो, एकाच चुलीशी म्हाताऱ्या झालो, दोघींचे नवरेही त्याच घरातून गेले. भांडायला आम्हाला कारण लागत नसे. आमच्या अंगणापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी चढून यावं लागतं. तिच्या वरच्या पायरीवर उभी राहून ती ओरडली, "जा गो जा! तकडं आमटीत मीठ जास्त झालं म्हनून कोन सांगनार तुला?" मी मागे न बघता पायऱ्या उतरत राहिले. एकुलता एक मुलगा न्यायला आला होता, आणि तोंड उघडलं असतं तर पाय निघाला नसता.

मस्कतला सगळं होतं. एसी, फ्रीज, गुणाची सून. दोघं ड्युटीवर गेली की फ्लॅटमध्ये नुसती एसीची घरघर. आमटीत मीठ कमी पडो नाही तर जास्त, सून म्हणायची, "छान झालीय, आई." इतक्या चांगुलपणात माणूस किती एकटं पडतं, ते मला तिथे कळलं.

गावात फोन नव्हता आणि थोरलीला लिहिता येत नव्हतं. मग तिच्या मुलाने, दिनूने, कॅसेटची शक्कल काढली. सणासुदीला तो ओटीवर टेपरेकॉर्डर लावायचा आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर कॅसेट पाठवायचा. थोरली त्या यंत्रापुढे पलीकडच्या डोंगरावर हाक मारल्यासारखी बोलायची. गाय व्याली. तुझ्या अबोलीला मी पाणी घालीत नाय. मागून दिनू सांगायचा, "काकी, रोज घालते." मग तिचं ठरलेलं, "पुरे आता, बंद कर रे तो डबा." मी फ्लॅटमध्ये तिला उलट उत्तरं द्यायची, तीही मोठ्याने. सून बिचारी घाबरायची.

एका वर्षी शिमग्याची कॅसेट चैत्र सरताना आली. दिनू म्हणाला, "काकी, आईचा घसा बसलाय. तू पालखीचे ढोल ऐक." खरं तर आवाज त्याचाच बसला होता. मी डोळे मिटले. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. आमच्याकडे येताना ढोल आधी खालच्या वाटेवर वाजतात, पाखाडी चढताना माणसं दमतात म्हणून जरा मंदावतात, आणि अंगणात शिरले की कानठळ्या बसतात. ढोल जवळ आले. पायथ्याशी आले. मी पदर सावरला. आणि ढोल तसेच पुढे गेले, शेजारच्या वाडीकडे, लांब लांब होत.

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. देवी आमचं घर टाळत नाही. सुतक असलं तरच टाळते. भावकीतलं कुणी गेलं असतं तर थोरलीने घसा फोडून आधी तेच सांगितलं असतं.

नंतर कळलं, दिनूने माझ्या मुलाच्या ऑफिसात पत्र पाठवलं होतं, आणि मला ब्लडप्रेशर म्हणून दोघांनी मिळून लपवलं होतं. दिनूला वाटलं, काकी ढोल ऐकून खूश होईल. वेडं पोर. ती गेलेली असताना मी पाडव्याला श्रीखंड खाल्लं होतं. ते मला फार लागलं, अजून लागतं.

उठले आणि डोक्यावरून अंघोळ केली. तिथे उन्हाळ्यात गार पाण्याचा नळही कढत वाहतो. बाहेर आले तर मुलगा दारातून आत येत होता. ओले केस बघून म्हणाला, "आई, आत्ता अंघोळ?"

"थोरलीची," मी म्हणाले. तो तिथे दारातच लहानपणी रडायचा तसा रडला.

पोरांमागे समुद्र ओलांडलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत. घर कुठलं असं कुणी विचारलं तर आम्ही गावाचंच नाव सांगतो. मीही सांगते. पण मला घरातलं म्हणून बोलणारी, टोचणारी ती एकच होती. त्या संध्याकाळी आमटी मीच केली. मीठ जास्त पडलं होतं, पहिल्याच घासाला कळलं. मी सुनेकडे बघत राहिले.

"छान झालीय, आई," ती म्हणाली.