एक चप्पल इथे, एक तिथे

आमच्या ह्यांची टाच दोन वर्षं दुखतेय. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून खास मऊ चपला घेतल्या. अशा माणसाने थायलंडमधली बुद्धाची देवळं बघायची सहल ठरवली. तिथे दारातच चपला काढतात. बोलून उपयोग होत असता, तर आम्ही महाबळेश्वरला गेलो असतो.

ह्यांची कसब्यातल्या देवळातली जुनी सवय म्हणजे एक चप्पल ह्या दाराशी काढायची, दुसरी त्या दाराशी. एकट्या चपलेला चोर हात लावत नाही म्हणे. बँकॉकच्या पहिल्याच देवळात तेच केलं. मधलं आवार भलंमोठं, फरशी तापलेली. लंगडत दर्शन घेऊन आले, तर चप्पल नाही. दुसऱ्या दाराशी गेले, तिथेही नाही.

"इथले चोर हुशार दिसतात," हे म्हणाले.

तेवढ्यात तिथल्या झाडूवालीने हसून फळीकडे बोट दाखवलं. तिने दोन्ही चपला शोधून, पुसून शेजारीशेजारी ठेवल्या होत्या.

"जोडी लावून ठेवलीय! आता कुणीही नेईल," हे कळवळले.

पुढच्या देवळात हे आत आलेच नाहीत. पायरीवर बसून सगळ्यांच्या चपला राखल्या. आत बुद्ध डोळे मिटून बसले होते, बाहेर हे डोळे वटारून.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "कसं काय थायलंड?"

"उत्तम," हे म्हणाले. "एकही चप्पल गेली नाही."