तीन मशिनींचा एक डबा

नवनाथच्या हातात कला होती आणि तोंडात जीभ नव्हती. अशा माणसाचं काय होतं ते सत्त्याण्णव साली अंबाजोगाईनं पाहिलं, आणि पाहून ती आपल्या कामाला लागली.

मल्लिनाथशेठच्या टीव्हीच्या दुकानात तो सहा वर्षं रिपेअरिंग करत होता. पोरांना तेव्हा व्हिडिओ गेमचं वेड लागलं होतं, पण एका मशिनीची कॅसेट दुसरीत बसायची नाही. नवनाथनं तीन जातींच्या बंद पडलेल्या मशिनी भंगारातून आणल्या, पत्र्याच्या एका डब्यात बसवल्या आणि जुन्या रेडिओचं बँडचं बटण लावलं. बटण फिरवलं की मशीन बदलायची. टीव्ही एक, वायर एक. आतलं सामान तापतं म्हणून डब्याला वरून भोकं पाडली.

मेडिकलच्या होस्टेलच्या पोरांनी असे पाच डबे घ्यायचं कबूल केलं, फक्त दसऱ्याला चालवून दाखवायचं. शेठ खुशीत येऊन म्हणाला, डबा चालला तर भागीदारी देतो, दुकानाच्या पाटीवर तुझं नाव. नवनाथच्या आईनं, मालनबाईनं, ते गल्लीभर सांगितलं.

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पूजेला लागायची. शेठनं डबाही मागून घेतला. नवनाथ बौद्ध. पूजेच्या वेळी तो दरवर्षी आपणहून बाहेर थांबायचा. कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. पाणी तेवढं शिंपडू नका, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आपण पूजा करत नाही, मग ती कशी करावी हे दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? इथंच चुकला गडी. आत शेठची बायको जगदेवी हळदीचं पाणी सढळ हातानं शिंपडत होती. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हलवत नाही, तसा डबाही हलला नाही.

दसऱ्याला होस्टेलची पोरं जमली. नवनाथनं बटण दाबलं आणि डब्यातून धूर निघाला. पोरं हसली. त्यानं झाकण काढलं, तर आत ओली हळद आणि अक्षता. त्यानं ते शेठला दाखवलं. जगदेवी दारात उभी होती. तिनं पाहिलं, पदर सावरला आणि आत निघून गेली.

शेठला कळलं नाही असं नाही. पण बायकोला बोल लावायचा की कारागिराला, याचा विचार करायची त्याला गरज पडली नाही.

"तुला आमची पूजा चालत न्हाई, म्हणून मुद्दाम जाळलास बे," तो म्हणाला. "हो बाहीर."

"मी कावून जाळीन, शेठ? माझंच हाय ते."

"तुझं? पत्रा माझा, दुकान माझं. तुझं काय हाय?"

डब्याची सगळी जोडणी काढून ठेवलेली नवनाथची वही दुकानातच राहिली. दिवाळीनंतर शेठनं लातूरहून दुसरा कारागीर आणून वही त्याच्या पुढ्यात टाकली. पाच डबे झाले. त्यांच्यावर शेठच्या मुलाचं, रुद्रेशचं नाव रंगवलं.

नवनाथ एसटी स्टँडसमोर मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागला. मालनबाई गल्लीत कुणाशी बोलेनाशी झाली.

उन्हाळ्यात होस्टेलचा एक नवा पोरगा डबा घेऊन आला. शेठकडे गर्दी आहे, तुम्हाला हे झेपेल का, असं त्यानं विचारलं. नवनाथनं सुटलेली वायर सोल्डरिंग करून दहा मिनिटांत जोडून दिली. पोरगा भला होता.

"हात चांगलाय तुमचा," तो म्हणाला. "मल्लिनाथशेठला सांगून बघू का? शिकवतील ते तुम्हाला."

शेठनं हाकललं तेव्हा नवनाथ रडला नव्हता. आता त्याला रडू आलं. डोळ्यात धूर गेला का, असं पोरानं काळजीनं विचारलं, तर तो हो म्हणाला.