लखदीवच्या पाण्यात तीन सोलापूरकर

नवी पेठेत मी कापडाच्या दुकानात कारकून. गिऱ्हाईक कमी झालं की कुणीतरी म्हणतंच, "गणपतराव, बोटीचं सांगा की!" खरं तर मी बोटीवर होतो चारच महिने. पण शहाण्यासारख्या घालवलेल्या वर्षाची एक गोष्ट होत नाही, आणि गाढवपणाच्या एका दिवसाच्या चार होतात. त्यामुळं माझ्याकडं साठा भरपूर!

त्याचं असं झालं, आमच्या गल्लीतले रावसाहेब कालव्याच्या खात्यातनं इंजिनीअर म्हणून रिटायर झाले. "जन्मभर पाणी अडवलं, आता पाण्यावर हिंडायचं," म्हणाले आणि मलबारला जाऊन लखदीव बेटं हिंडायला जुनी शिडाची बोट घेतली. जमाखर्च लिहायला मी, स्वयंपाकाला मल्लप्पा, आणि बोट हाकायला रत्नागिरीकडचा इब्राहीम तांडेल. आम्हा तिघा सोलापूरकरांपैकी समुद्र कुणीच बघितला नव्हता!

*

पहिल्याच बेटाशी तांडेल ओरडला, "नांगर टाका!"

मी करमाळ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. म्हटलं, "नांगराचं मला नका शिकवू. सात पिढ्या नांगर धरलाय!" आणि तो लोखंडी आकडा दोन्ही हातांनी उचलून दिला भिरकावून.

दोराचं दुसरं टोक माझ्या पायाजवळनं सळसळत गेलं, तेही पाण्यात!

तांडेल शांतपणे म्हणाला, "गणपतराव, तुमच्याकडे नांगर बैलांना बांधत नाहीत?"

बेटावरच्या माणसांनी बुड्या मारून नांगर काढून दिला. मला मात्र महिनाभर दोराला हात लावायची बंदी!

*

मल्लप्पा अक्कलकोटचा, पक्का लिंगायत. एकदा वारा पडला आणि आम्ही एका बेटाशी नऊ दिवस अडकलो. ज्वारीचं पीठ भिजून बुरसलेलं. बेटावर मासे आणि नारळ, बस्स. आम्ही माशांवर ताव मारायचो. त्याचं सकाळी खोबरं, दुपारी खोबरं, संध्याकाळी बदल म्हणून नारळाचं पाणी.

नवव्या दिवशी डोक्यावरनं हात फिरवत म्हणाला, "गणपतराव, आता मला शेंडी फुटली की खुशाल सिद्धरामेश्वरापुढं फोडा!"

*

एकदा मी धोतर धुतलं, डोलकाठीला वाळत बांधलं आणि आडवा झालो. जाग आली ती आरडाओरड्यानं. दोन होड्या भरून माणसं घामाघूम होऊन वल्ही मारत आलेली! दोर, पाण्याची मडकी, सोबत एक म्हातारा वैद्य. पांढरं निशाण बघून त्यांना वाटलं, बोट बुडतीय!

तांडेलनं त्यांच्या भाषेत समजूत घातली. वैद्यबुवा मला खालीवर न्याहाळून काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, आलोच आहोत तर याचं डोकं तपासू का?"

*

एका बेटाच्या मुखियाला मी सोलापूरची थोरवी ऐकवत होतो. गिरण्यांची धुराडी, नवी पेठेतली गर्दी. तांडेल भाषांतर करत होता. मुखियानं एकच विचारलं, "तिथून समुद्र किती लांब?"

"दोन-तीनशे मैल असेल."

म्हाताऱ्याला भरून आलं. निघताना त्यानं माझ्या हातात समुद्राच्या पाण्यानं भरलेली बाटली ठेवली. "घरच्यांना दाखवा. बिचारे!"

*

परतीच्या वाटेवर मात्र भर दुपारी आभाळ काळं झालं. त्यातनं वाचलो, हे तुम्हाला दिसतंच आहे. पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. शीड फाटलेलं, बोट एका अंगावर कललेली, आत गुडघाभर पाणी. मल्लप्पा कानडीतनं देवाचा धावा करत होता. माझ्या डोळ्यांपुढं पोरांचे चेहरे आले. म्हटलं, मरताना तरी खोटं नको.

रावसाहेबांचा हात धरला. "रावसाहेब, निघताना मी सांगितलं होतं, मला पोहता येतं. साफ खोटं होतं!"

रावसाहेब म्हणाले, "अहो, मला तरी कुठं येतं?"

आम्ही दोघांनी एकदमच तांडेलकडं बघितलं. तो सुकाणू छातीशी आवळून उभा.

"माझ्याकडे काय बघता? मलाही येत नाही! पोहणाऱ्याला वाटतं, बोट गेली तरी आपण आहोत. उपसा पाणी!"