मोठ्यानं बोल, तंगी

अक्काला हळू बोलता येत नसे. तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा शेजारच्या बारशाला आत्या वेळेवर पोचली नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान अक्काला मिळाला. ते नाव बाळाला, पाळण्याभोवतीच्या बायकांना आणि रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवाल्याला एकदमच कळलं. बाळ दचकून रडायला लागलं, तर अक्का म्हणाली, "बघा, पोराला नाव ऐकू आलं!" पेठेतली टारगट पोरं तिला मिलचा भोंगा म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या समोरच तिचं घर, आणि घराखाली भांड्यांचं दुकान. पातेली-पराती सारख्या आपटत असायच्या, त्यावर आवाज चढवून बोलायची सगळ्या घरालाच सवय. साधा चहा मागायचा तरी तिचे मालक खालून गर्जना करत. अक्काचं माहेर निपाणीकडचं. ती मला 'तंगी' म्हणायची, कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. सुरुवातीला मी तिला 'अहो अक्का' म्हणायचे. "अहो काय? मी तुझी सासू हाय व्हय?" असं खडसावून तिनंच मला 'अगं'वर आणलं.

मी देवरुखहून लग्न होऊन इथं आलेली. आमच्या माहेरी भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं. बँकेत काउंटरवर मी काही सांगितलं की गिऱ्हाईक पुढं वाकून "काय म्हनलासा?" असं हमखास विचारायचं. अक्का तर सरळ म्हणायची, "तंगी, तू बोलतीस का फुकर मारतीस?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अक्काच्या स्तनात गाठ निघाली. तपासणी मिरजेला झाली आणि निदान मुलांना कळलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे घरच्यांनी ठरवलं की अक्काला सांगायचं नाही. साधी गाठ आहे, काढून टाकायची, एवढंच तिच्या कानावर घातलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या आणि त्या पाळल्याही. फक्त एक चूक झाली. घरातले सगळे तिच्याशी हळू बोलायला लागले.

हा प्रसंग तिनं स्वतः मला कितीतरी वेळा रंगवून सांगितला. मालक स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "जरा चहा मिळंल काय?" थोरली सून एरवी शब्दाला शब्द देणारी. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून अक्का तिच्यावर ओरडली, तर ती नुसती मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा अक्का ताटावरून उठली आणि कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "कोन मराय लागलंय ह्या घरात? मी काय?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीनं मिरजेला गेली आणि डॉक्टरांपुढं बसली. "माझ्या पोरास्नी काय सांगितलासा ते मला सांगा. दुखनं माझं हाय का त्येंचं?" डॉक्टर तरुण होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दार लावल्याचा काही उपयोग झाला नसणार, कारण पुढचे प्रश्न अक्का विचारत होती.

त्या काळातले उपचार म्हणजे धसमुसळं प्रकरण. स्तन पूर्ण काढला. मग केमोथेरपी, आणि प्रत्येक सलाइननंतर ओकाऱ्या. एक निळी प्लॅस्टिकची बादली कॉटखाली कायमची मुक्कामाला आलेली. अक्का ओकायची, तोंड पुसायची आणि दुकानात कुठली कळशी कुठं ठेवायची ते तिथूनच ओरडून सांगायची. मग मिरजेला कोबाल्टच्या यंत्राखाली किरणांचा शेक. पहिल्याच दिवशी तिथल्या तंत्रज्ञानं गळ्यातलं सगळं काढून ठेवायला सांगितलं. अक्काच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही. बरोबर आलेला तिचा मुलगा गोंधळून गेला. अक्कानं क्षणभर विचार केला, दोरा गळ्यातून काढून मनगटाला गुंडाळला आणि डबी मुठीत धरली. "हात डोक्यावरच ठेवायचा हाय न्हवं? तुमचं यंत्र मुठीला तर शेकत न्हाय?" तंत्रज्ञ म्हणाला, नाही शेकत. शेवटच्या दिवसापर्यंत ती मूठ आवळूनच झोपली आणि बरी होऊन घरी आली. घरात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा पेठेला हायसं वाटलं.

पुढं दहा-अकरा वर्षांनी माझा नंबर लागला.

आंघोळ करताना हाताला गाठ लागली. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं आणि मी देवरुखची असल्यामुळं तोंड मिटून घेतलं. आमची सोनल दहावीला होती. मार्चमध्ये तिची परीक्षा होऊ दे, मग बघू, असं मी नवऱ्याला बजावलं. दिवाळी नुकतीच झाली होती. सासूबाईंना सांगायचं नाही, सोनलला तर नाहीच. नवरा घाबरलेला होता, पण माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. रोज डबा भरायचा, बँकेत जायचं आणि रात्री गाठ वाढली का ते चाचपून बघायचं, असे दिवस चालले होते.

एका रविवारी अक्का आमचं पातेलं परत करायला आली. ओट्याशी उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "आज तू फुकर बी मारंनास. काय झालंय?"

मी म्हटलं, काही नाही. ती हलेना. शेवटी मी पुटपुटले, "गाठ आहे."

"ऐकू आलं न्हाय."

"गाठ आहे, अक्का. तपासली. तीच आहे."

"तीच म्हंजी कोन? तिला नाव हाय का न्हाय? मोठ्यानं बोल, तंगी."

"कॅन्सर आहे मला!"

माझा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाहेरच्या खोलीत वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी तो ऐकला आणि माडीवर अभ्यास करणाऱ्या सोनलनंही. त्या क्षणी अक्काचा मला भयंकर राग आला. माझं गुपित तिनं माझ्याच तोंडून फोडलं होतं. तसं मी तिला म्हटलंही. "राग आलाय तर वरड," ती म्हणाली, "पर मार्चपर्यंत ती गाठ काय अभ्यास करत बसनार हाय व्हय?" तेवढ्यात सोनल जिना उतरून आली. रडत होती, पण बोलली स्पष्ट. "परीक्षा मी देणार आहे ना आई? मग तू कशाला थांबलीस?" सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि हॉस्पिटलात न्यायला कपाटातून एक पिशवी काढली.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, तेही कोल्हापुरातच. डॉक्टरांनी फक्त गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या, स्तन वाचला. मार्चपर्यंत थांबला असता तर एवढ्यावर भागलं नसतं, असं ते म्हणाले. अक्कानं हे ऐकलं आणि स्वतःच्या पदराकडं एकदा बघितलं. "लई सुधारलं की गं सगळं," ती म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता, नव्या सुनेचं माहेर बघून आल्यावर बोलावं तसं कौतुक होतं.

पहिल्या केमोला ती आपली निळी बादली घेऊन हजर. सलाइन लावण्याआधी नर्सनं ओकारी थांबवणारं इंजेक्शन दिलं. अक्का बादली मांडीवर घेऊन बसली. तास गेला, दुसरा गेला. मला थोडं मळमळत होतं, बाकी काही नाही. अक्का अस्वस्थ. शेवटी नर्सला म्हणाली, "बाई, औषध खरं हाय न्हवं? हिला ओकारी कशी येईना?" नर्सनं समजावल्यावर तिला पटलं. परत येताना त्या बादलीतून तिनं भुईमुगाच्या शेंगा आणल्या.

केस गेले, थकवा आला, तोंडाची चव गेली. पण सोनलच्या परीक्षेला मी डोक्याला रुमाल बांधून शाळेच्या फाटकापर्यंत गेले. पुढं रोजचे शेक सुरू झाले. नवं यंत्र, जाड दार, खोलीत आपण एकटे. तंत्रज्ञ बाहेरून माइकवर सूचना देई. एक दिवस अक्कानं त्याला काय पटवलं कोण जाणे, छतातून आवाज आला, "तंगी, हालू नगंस!" तिला माइकची गरज नव्हती हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत. मी दचकून हललेच, आणि पुन्हा सगळी मापं घ्यावी लागली.

तिथंच मुरगूडचे एक आबा येत. दोन्ही मुलगे बरोबर. अक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं, "पावणं, काय झालंय?" आबा म्हणाले, "तोंड आलंय म्हनत्यात पोरं." मागून मुलगे डोळ्यांनी खुणा करत होते. मला वाटलं, आता ही सांगून टाकणार. पण अक्का गप्प बसली. नंतर मुलांना बाजूला घेऊन म्हणाली, "न इचारता सांगू ने. पर त्येंनी इचारलं तर लपवू बी ने." आठवड्यानं आबा वैतागले. तोंड आल्याला एवढा शेक कशाला, उद्यापासनं येत न्हाय, असं म्हणून चपला घालायला लागले. मग थांबून त्यांनी थोरल्याला विचारलं, "का मला दुसरं काय हाय?" अक्का मुलाकडं बघत राहिली. तो कसाबसा म्हणाला, "कॅन्सर हाय, आबा. पर बरा व्हतोय म्हनत्यात." आबांनी चपला पुन्हा काढल्या. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय? नंबर कितवा हाय आपला?"

अक्काला कॅन्सरनं नेलं नाही, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. ती गेली हृदयानं, चांगली सत्तरी ओलांडून, माझे उपचार संपल्यावर काही वर्षांनी. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी तिला घरी आणायला सांगितलं. थोरली सून मला बोलवायला आली. मी त्यांच्या माडीवर गेले, तर सगळं घर चवड्यांवर चालत होतं. मालक कोपऱ्यात बसलेले, मुलगे खाणाखुणांनी बोलत होते. खालचं दुकान बंद. अक्का डोळे मिटून पडली होती, गळ्यातली डबी मुठीत धरून. कालपासून ती कुणाशीच बोलली नव्हती.

मला रडू आलं. पण तिच्यापुढं असं दबकत उभं राहणं मला सहन होईना. मी कॉटजवळ गेले, कमरेवर हात ठेवले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"अक्का! कोण मरायला लागलंय ह्या घरात?"

सगळे हादरून माझ्याकडं बघायला लागले. अक्काचे डोळे हळूहळू उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला, कारण तिचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच नीट ऐकू येत नव्हतं.

"मीच की," ती म्हणाली. "वरडतीस कशाला, तंगी? भैरी न्हाय मी."

मग तिनं सुनेकडं बघून दोन बोटांनी कप धरल्यासारखी खूण केली. हाक मारण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. सून डोळे पुसत जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराकडं बघून अशी गरजली की पानपट्टीवालासुद्धा रस्त्यावर आला.

"अक्कास्नी चहा आना रंऽऽ!"