शिकेकाईनं न्हालेली काच

बायको गेल्यावर मला काही वाटेनासं झालं. लोकांना तो धीर वाटला. आठवडाभराच्या तापात ती गेली, मूलबाळ नव्हतं. समाचाराला आलेली एक बाई कुंभकोणमच्या आमच्या ओसरीवर बसून म्हणाली, "मागे कांहीं राहिलं नाहीं." मी तिला कॉफी हवी का विचारलं.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. मद्रासच्या माझ्या प्राध्यापकांनी काही काचा तपासायला दिल्या होत्या. परदेशातल्या एका प्रचंड यंत्रात त्यांच्यावर प्रकाशाचे जोरकस कण, म्हणजे फोटॉन, सोडलेले होते. काचेवर फोटोच्या रसायनाचा जाड थर असतो. त्यातल्या एखाद्या अणुकेंद्रावर फोटॉन आपटला की मेसॉन नावाचा कण जन्मतो, किंचित अंतर जातो आणि संपतो. मागे काळ्या ठिपक्यांची रेघ उरते. तेवढी शोधायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत मोजता येईल अशी एक रेघ मिळाली तर मद्रासला संशोधनाची जागा नक्की, असं प्राध्यापक म्हणाले होते. मला त्या घरातून निघायचं होतं. आणखी काही नको होतं.

प्राणिशास्त्रवाल्यांचा सूक्ष्मदर्शक मी सुट्टीत घरी आणला. ठिपके नीट दिसावेत म्हणून काचेवर तेलाचा थेंब टाकावा लागे. आईला ते बघून टोमणा मारायला विषयच मिळाला.

"काचेला तेल लावतोस, तुज डोक्याला नाहीं."

सुतक फिटून महिने झाले, तरी शनिवारचं तेल लावून न्हाणं मी पुन्हा सुरू केलं नव्हतं.

रेघ सापडली तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कुणाला तरी दाखवावी म्हणून मी आईला हाक मारली. एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं.

"हें किती वेळ जगतं?"

"पापणी लवायच्या आत संपतं."

"आणि ज्यानं धक्का दिला, त्याची रेघ कोठे?"

"फोटॉनची रेघ नसते. ही रेघ आहे, म्हणून तो येऊन गेला म्हणायचं."

"पावम्," आई म्हणाली. बिचारा म्हणायचं झालं की तिला तमिळच सुचे.

त्या शनिवारी तिनं माझं काही चालू दिलं नाही. परसात पाटावर बसवलं, डोक्यावर तिळाचं तेल थापलं आणि ऊन पाणी आणायला आत गेली. परतली ती खुशीत. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ती काच.

"तुज काचेलाहि न्हाऊ घातलं. ऊन पाणी, शिकेकाई. अस्क तेल गेलं बघ. एक रेघ नाहीं."

अस्क म्हणजे आमच्या तंजावरी मराठीत सगळं. अस्कच गेलं होतं. ऊन पाण्यात तो थर दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. काचेतून तिच्या बोटांवरच्या सुरकुत्या स्वच्छ दिसत होत्या.

"बरं केलंस," मी म्हणालो. खरंच राग आला नाही. मद्रास गेलं हे कळलं, तेही दुसऱ्या कुणाचं गेल्यासारखं.

तिच्याच शब्दापाशी ती थबकली. "रेघ," असं पुटपुटली. तांब्या खाली ठेवून काच उन्हाकडे धरली, एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

"तें आलं होतं, हें आतां कोण सांगेल रे?"

"मी पाहिलंय," मी म्हणालो.

शास्त्रात अशा पाहण्याला काडीची किंमत नाही. दाखवायला काच नसेल तर तुम्ही काहीच पाहिलेलं नाही.

"मींहि पाहिलंय," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिलाहि."

माझ्या डोक्यावरचं तेल कपाळावर ओघळत होतं. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असा. पाणी निवत होतं. आई तांब्या हातात घेऊन माझं रडणं संपायची वाट पाहत उभी राहिली.