टोळीतली जागा

पप्पांचे गुडघे गेले आणि वाशीच्या मार्केटातल्या माथाडी टोळीत त्यांची जागा कोणाला द्यायची, हा प्रश्न आला. रीत अशी की जागा मुलाला मिळते. मुलगा नको म्हणाला तर भावकीत जाते, ती परत येत नाही. टोळीच्या मुकादमाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्याच दुपारी पोलंडच्या एका गोदामातून दादासाठी फोन येणार होता.

अनोळखी फोन मी सहसा उचलत नाही. पण घरात इंग्रजी मीडियमची मी एकटीच. कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत फोन स्पीकरवर होता आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काम पक्कं हाय का, विचार," पप्पा म्हणाले.

मी विचारलं. "पहिले तीन महिने काम बघणार, मग ठरवणार म्हणतायत."

"आणि नाही पटला तर?"

"परत पाठवतील. पण तसं फारसं होत नाही, म्हणाले."

"फारसं!" पप्पा हसले. "कोथिंबीरवाली पण यापेक्षा जास्त गॅरंटी देती."

"एक वर्ष बदली माणूस ठेवू," मम्मी म्हणाली. "मुकादमाला सांगून बघा ना."

"वर्षभर कोण ठेवतंय बदली?"

पप्पा गावी गेले की त्यांच्या जागी दादाच गोण्या उचलायचा आणि घरी आल्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. हे मी पाहिलं होतं. बोलले मात्र कधीच नव्हते.

फोनवरचा माणूस दोनदा "हॅलो" म्हणाला. तेवढ्यात दादाने फोन स्वतःकडे ओढला.

"सर, आय कम," तो म्हणाला. मग मोठ्याने, "आय कम, सर."

फोन बंद झाल्यावर पप्पांनी मुकादमाला फोन लावला आणि पुतण्याचं नाव सांगितलं. दिवेलागणीला काकू पेढे घेऊन आल्या. मम्मीने त्यांना चहा दिला, पण डबा उघडला नाही.

त्या गेल्यावर दादाने विचारलं, "पप्पा, परत पाठवलं तर?"

पप्पांनी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"तर काकूच्या पोराकडं बदली मागायला जायचं. आता पेढा खा."